पुंजाराम मिस्त्रीची टोपी

डिझेल गाड्यांच्या गॅरेजात पांढरेशुभ्र कपडे घालून येणारा मिस्त्री मी आयुष्यात एकच पाहिला. नाशकात द्वारका चौकाच्या पुढे, आग्रा रोडला लागून एक लाकडाची वखार होती. तिच्या मागे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि झाडाखाली खाट, एवढंच पुंजाराम मिस्त्रींचं गॅरेज. पायजमा, शर्ट, टोपी, तिन्ही पांढरी. पायजमा आणि शर्ट दुपारपर्यंत काळे होत आणि त्याची त्यांना फिकीर नसे. टोपी मात्र रोज नवी धुतलेली, घडीची लागायची. त्यांच्या पत्नी आक्काबाई म्हणायच्या, "पुढाऱ्याच्या घरात नसतील तेवढ्या टोप्या हायेत आमच्यात. अन् एक धड नाय."

धड कशी असेल? ती टोपी हे त्यांचं हत्यार होतं. गाडी धूर टाकते म्हणून कुणी आलं, की मिस्त्री सायलेन्सरमागे उकिडवे बसत, रेस द्यायला सांगत आणि डोक्यावरची टोपी काढून नळीपासून वीतभर अंतरावर धरत. मनात पन्नासपर्यंत मोजत. मग उठून उन्हात जात आणि टोपी नीट न्याहाळत, हुंगत, बोटाने चोळत. कोरडी काजळी झटकली की पडते, म्हणजे डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. टोपी ओलसर आणि नाकाला झोंबणारी, म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. पिवळट, तेलकट ठिपके उमटले आणि बोटाला बुळबुळीत लागले, म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. मग ते ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण उघडायचे आणि इंजिन चालू असताना आतून वाफा किती जोरात येतात ते तळहातावर घ्यायचे. वाफा जोरात असतील तर रिंगा गेल्या. नसतील तर रोग दुसरीकडे.

"साधं फडकं का नाही धरत?" असं मी एकदा विचारलं.

"फडक्याला कोण जपतंय सायेब? आपली टोपी खराब होनार म्हटलं की मानूस नीट बघतो," ते म्हणाले.

मिस्त्री मूळचे येवल्याकडचे. घरी कांद्याची थोडी शेती, भाऊ पाच. विसाव्या वर्षी घर सोडून ते कसारा घाटाच्या पायथ्याशी ट्रकवाल्यांच्या एका गॅरेजात लागले. तिथे त्यांनी बारा वर्षं काढली, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पाना हातात धरायला ते तिथे शिकले नाहीत, ते काय कुठेही शिकता येतं. ते तिथे धूर शिकले. चढणारा ट्रक कोणत्या वळणावर कोणत्या रंगाचा धूर सोडतो हे बघत बसायचं. वर गेलेला ट्रक चार दिवसांनी परत आला की आपण मनात बांधलेला अंदाज खरा होता का, हे त्याच्या ड्रायव्हरला विचारायचं. शाळा म्हणाल तर एवढीच.

लोक त्यांच्याकडे घाबरून यायचे. गाडीने धूर सोडला की शहरातल्या निम्म्या गॅरेजांत एकच औषध होतं, इंजिन खोला. लासलगावचा एक कांद्याचा व्यापारी असाच आला होता. त्याची जीप काळाकुट्ट धूर ओकत होती आणि दोन ठिकाणी त्याला रिंग-पिस्टन बदलायला सांगितलं होतं. मिस्त्रींनी टोपी धरली, झटकली, आणि पान्याला हात न लावता एअर फिल्टरचं डबडं उघडलं. आत कांद्याच्या पापुद्र्यांची गादी झाली होती. वर्षभर कांद्याच्या ढिगात उभी राहणारी जीप, ती दुसरं काय ओढून घेणार? मिस्त्रींनी दोन मुठी साल काढून व्यापाऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "घ्या, तुमचाच माल."

पुढे सन दोन हजारानंतर धूर तपासायची यंत्रं चौकाचौकात आली. नळीत दांडी घातली की कागदावर आकडा येतो. मिस्त्रींनी ते यंत्र कौतुकाने, दोन-तीनदा जाऊन पाहिलं. म्हणाले, "मशीन किती धूर हाय ते बरोबर सांगतं. कशाचा, ते मालकानं शोधायचं." २००६ साली गुडघ्यांनी दगा दिला आणि उकिडवं बसणं जमेना, तेव्हा त्यांनी गॅरेज बंद केलं. उभ्याने धूर बघणार नाही म्हणाले.

पण मी हे लिहायला बसलो ते आमच्या गाडीपायी.

आम्ही मूळचे त्र्यंबकेश्वरचे. वडील, म्हणजे नाना, तिथे यजमानांची पूजाअर्चा करायचे. मी नाशकात विमा कचेरीत लागलो, इंदिरानगरला घर बांधलं आणि नानांना इकडे आणलं, तरी त्यांचं रोजचं त्र्यंबक सुटलं नाही. म्हणून १९९४ मध्ये एक जुनी डिझेल गाडी घेतली आणि देवरामला ड्रायव्हर ठेवलं. मखमलाबादचा मुलगा, चोविसाच्या आसपास, बोलायला कमी. त्याची आई सरूबाई झेंडू-शेवंती लावायची आणि फुलबाजारात बसायची. देवराम कामाला लागला त्या दिवसापासून नानांच्या पूजेची फुलं सरूबाईकडून यायला लागली. आम्ही विकत घेतो म्हटलं तर तिला राग यायचा.

कचेरीत माझं काम होतं गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासणं. म्हणजे समोरचा खोटं बोलतोय असं गृहीत धरून सुरुवात करायची. पंधरा वर्षं हे काम केलं की माणसाचा स्वभाव कसा होतो ते मालिनीला, माझ्या बायकोला विचारा. दूधवाल्याने "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी मला त्यात पाणी दिसायचं.

१९९६च्या दिवाळीनंतर गाडीचं ऑइल कमी व्हायला लागलं. जिन्याखाली ठेवलेले ऑइलचे डबे भराभर रिकामे होत होते. गाडीखाली थेंब नाही, मागे धूर दिसत नाही. देवराम म्हणाला, "साहेब, सकाळी त्र्यंबकच्या वाटेवर महिरावणीच्या पुढंपर्यंत आरशात निळा धूर दिसतो. नंतर नाय दिसत." मी मनात म्हटलं, वा, तुला दिसतो आणि मला नाही. ऑइल बाहेर विकता येतं हे मला कचेरीतल्या अनुभवाने ठाऊक होतं.

संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी मी स्वतः गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांचा शिरस्ता असा की गाडी रात्रभर ठेवून घ्यायची आणि सकाळी थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना बघायचं. "उद्या सांगतो," ते म्हणाले. मी म्हटलं, नानांना सकाळी गाडी लागते, आत्ताच काय ते सांगा. मी इतकी घाई केली की त्यांनी मान डोलावली. टोपी धरली. ती कोरडी निघाली, तेलाचा ठिपका नाही. झाकण उघडून वाफा पाहिल्या, त्याही नव्हत्या. ऑइलची पट्टी काढून पाहिली, पातळी बरोबर. "इंजिन ठणठणीत हाय. हे इंजिन तेल खात नाय," ते म्हणाले.

मला तेवढंच हवं होतं. इंजिन खात नाही, मग कोण खातं? दुसऱ्या दिवशी मी देवरामला अंगणात उभं केलं आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कामावरून काढलं. त्याने किल्ली पायरीवर ठेवली. "मी तेल नाय घेतलं साहेब," एवढं एकदाच म्हणाला आणि गेला. नाना आत जाऊन बसले, त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फुलं बंद झाली.

आणि आता लाजेची गोष्ट सांगतो. देवराम गेला, मी स्वतः सकाळी लवकर उठून नानांना त्र्यंबकला सोडायला लागलो, आणि ऑइल कमी होतच राहिलं. तितकंच. त्याच वेगाने. चौथ्या दिवशीच माझ्या ते लक्षात आलं होतं. तरी मी बारा दिवस कुणाला बोललो नाही. रोज सकाळी पट्टी बघायची, कमी दिसलं की वरून ओतायचं, रिकामा डबा कचऱ्यात खाली घालायचा. चूक कबूल करण्यापेक्षा ऑइल ओतणं सोपं होतं.

सोळाव्या दिवशी संध्याकाळी पुंजाराम मिस्त्री लुनावरून आमच्या दारात. ते कधी कुणाच्या घरी जात नसत. झालं असं होतं की आक्काबाई फुलबाजारात गेल्या होत्या आणि सरूबाईने त्यांना फुलं द्यायला नकार दिला होता. "तुझ्या नवऱ्याच्या शब्दावर माझ्या लेकाला चोर केलं. आता त्याच्या हातात गाडी कोन देतंय?" असं भर बाजारात ती म्हणाली होती.

मिस्त्री पाणीसुद्धा प्यायले नाहीत. "मी इंजिनाचं बोललो होतो सायेब. मानसाचं नव्हतो बोललो," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "देवराम गेल्यावर तेल थांबलं का?"

"थांबलं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जिन्याखालच्या डब्यांकडे पाहिलं. "उद्या सकाळी येतो. गाडीला त्याच्याआधी हात लावू नका," एवढं बोलून ते गेले.

पहाटेच्या थंडीत ते हजर झाले, डोक्यावर कडक पांढरी टोपी. आमच्या घरापुढे रस्त्यापासून पोर्चपर्यंत चढ आहे. नानांचा नियम असा की गाडीचं तोंड रात्रभर पूर्वेकडे राहिलं पाहिजे, म्हणजे ती चढावर, नाक वर करून उभी राहायची. सकाळी तिथेच बॉनेट उघडायचं, इंजिनाला हळदकुंकू लावायचं, उदबत्ती ओवाळायची, मग ऑइलची पट्टी काढून बघायची, आणि मगच चावी फिरवायची. देवरामला हे सगळं नानांनीच शिकवलं होतं. तीन वर्षांत त्याने एक दिवस चुकवला नव्हता. दिवाळीपर्यंत ही पूजा बाहेरच्या सपाट रस्त्यावर होत असे. दिवाळीत आम्ही फाटक रुंद केलं आणि गाडी आत चढावर घ्यायला लागलो, पण या गोष्टीचा ऑइलशी संबंध जोडायची अक्कल कुणाला नव्हती.

"रोज करता तसं करा," मिस्त्री मला म्हणाले.

नानांनी पूजा केली. मी पट्टी काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. माझा हात सवयीने डब्याकडे गेला, आणि डबा ओतता ओतता मला कळलं की काल मी "थांबलं" म्हणालो होतो आणि आज यांच्यासमोर ओततो आहे. मान वळवून मिस्त्रींनी नानांच्या उदबत्तीकडे पाहिलं. माझी लाज राखायला एखाद्याने एवढं केलेलं मला त्याआधी आठवत नाही.

मग नाना आणि मी गाडीत, मिस्त्री मागे लुनावर. सातपूर ओलांडून गाडीने वेग घेतला आणि मी पहिल्यांदाच देवरामसारखं आरशात टक लावून पाहिलं. मागे निळसर धूर होता, आणि त्या धुरात एक पांढरी टोपी हेलकावे खात येत होती. पंधरा दिवस मी गाडी चालवत होतो आणि एकदाही आरशात त्यासाठी बघितलं नव्हतं. बघायचंच नव्हतं.

महिरावणीला चहाच्या टपरीपाशी सपाट जागा पाहून मिस्त्रींनी हात केला. इंजिन चालू ठेवून ते मागे उकिडवे बसले, टोपी धरली. पन्नास मोजून झाल्यावर टोपी उन्हात आणली. तिच्यावर पिवळे, तेलकट ठिपके होते. मग इंजिन बंद करून त्यांनी आम्हाला चहा प्यायला लावला, ऑइल खाली उतरेपर्यंत. चहा संपता संपता पट्टी काढून माझ्यासमोर धरली. वरच्या खुणेच्या दोन बोटं वर ऑइल.

"आत्ता घरी कमी व्हतं. इथं जास्त कसं झालं?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच बशीतला चहा तिरपा केला. एका काठाला बशी कोरडी पडली, दुसऱ्या काठाला चहा सांडायला आला. "चहा तेवढाच हाय. पट्टी इंजिनाच्या पुढच्या अंगाला. गाडी नाक वर करून उभी, तेल मागं जातं. पट्टी कोरडी दिसती. तुम्ही वरून घालता. मग सपाटीला आली की चेंबर तुडुंब. आतला फिरता दांडा त्या तेलाचा फेस करतो, फेस नळीतून हवेच्या वाटेत जातो, अन् इंजिन तो वढून घेऊन जाळतं. जास्तीचं संपलं की धूर बंद. दुपारी माझ्याकडं आली तवा सगळं संपल्यालं व्हतं. इंजिन तेल खात नाय म्हनलो, ते खरंच. तुम्ही त्याला पाजताय."

नानांचा चेहरा उतरला. "पूर्वेकडे तोंड मीच सांगितलं होतं," ते म्हणाले.

"पूजा चढावर करा नाना, तेल रस्त्यावर बघा. देवाला चढउतार चालतो, तेलाला नाय चालत," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी रात्रभर गाडी ठेवायला पायजे व्हती. तरी माझ्या सपाट फरशीवर हे दिसलं नसतं. गाडी झोपते कुठं, ते इचारायला पायजे व्हतं. पोरगा सकाळचा धूर सांगत व्हता अन् मी दुपारची टोपी धरली. आता मखमलाबादला जायचं."

नाना एसटीने त्र्यंबकला गेले. लुना टपरीवर ठेवून मिस्त्री माझ्या शेजारी बसले. वाटभर मी त्यांच्या बोलण्याची वाट पाहत होतो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते फक्त इंजिनाचा आवाज ऐकत होते.

सरूबाईच्या अंगणात ती आणि देवराम झेंडूच्या पाट्या भरत होते. मला पाहून सरूबाई उठून उभी राहिली, बसा म्हणाली नाही. मिस्त्रींनी डोक्यावरची टोपी काढली. वयाने बापाच्या जागी असलेला माणूस टोपी काढून आपल्यासमोर वाकतोय हे दिसताच देवराम पुढे झाला आणि त्याने ती वरच्या वरच धरली.

"डाग बघ," मिस्त्री म्हणाले. "तू सांगत व्हतास तो धूर. तू खरं बोलत व्हतास. मी नीट न बघता बोललो अन् त्यापायी तुझं नाव गेलं. मी हे बाजारात बी सांगीन, आज दुपारी, तुझ्या आईच्या पाटीपाशी उभा राहून." मग ते बाजूला सरकले. "माझं झालं. सायबांचं सायेब बोलतील."

मला वाटलं होतं ते सगळं सांगून टाकतील आणि मी फक्त मान हलवीन. त्यांना सगळं माहीत होतं, डबा ओतताना त्यांनी मला पाहिलं होतं. पण दुसऱ्याचा कबुलीजबाब देणारा तो माणूस नव्हता. मी म्हणालो, "देवराम, तू गेल्यावरही ऑइल कमी होत होतं. मला चौथ्या दिवशी कळलं होतं. मी गप्प बसलो."

"किती दिस?" सरूबाईने विचारलं.

"बारा."

ती खाली बसली आणि पुन्हा फुलं भरायला लागली. देवरामने टोपी मिस्त्रींच्या हातात परत दिली. मग त्याने मला विचारलं, "गाडी आता कुठं उभी करता?"

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. आल्या आल्या त्याने गाडी रस्त्यावर, सपाटीला घेतली, पट्टी बघितली आणि मला दाखवली. आदल्या दुपारी मिस्त्री फुलबाजारात खरोखर उभे राहिले होते, गिऱ्हाईक थांबवून थांबवून टोपी दाखवत होते, असं आक्काबाईंनी मालिनीला सांगितलं. ती टोपी त्यांनी धुवायला टाकली नाही. गॅरेजात खिळ्याला टांगून ठेवली, आणि त्यानंतर कुणीही गाडी घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, गाडी झोपते कुठं? मी तिथे गेलो की त्या खिळ्याकडे न बघता बोलायचो.

देवराम आला, पण फुलं आली नाहीत. नानांनी आठ महिने तुळशीवर आणि विकतच्या फुलांवर पूजा भागवली, मला एका शब्दाने बोलले नाहीत.

खंडेनवमीला, हत्यारं आणि गाड्या पुजायच्या दिवशी, देवराम सकाळी एक पाटी घेऊन आला. वर ओलं फडकं होतं. मी पुढे झालो. आत झेंडूचे दोन जाड हार होते, घट्ट गुंफलेले. "आईनं दिलेत," तो म्हणाला. एक त्याने गाडीला घातला. दुसऱ्याला मी हात लावणार तेवढ्यात त्याने पाटी मागे घेतली.

"ह्यो द्वारकेला न्यायचाय साहेब. मिस्त्रींच्या टोपीला."

मी त्याच्याबरोबर गेलो आणि मिस्त्री तो हार खिळ्याला घालत असताना स्टूल धरून उभा राहिलो. आमच्या घरी सरूबाईची फुलं आली ती त्याच्या पुढच्या वर्षी.